खवलोजीचं मुटकुळं

वाघमहाराजांच्या गादीचं तेविसावं वर्ष. वैशाख वद्य चतुर्थी, वार मंगळवार. ऊन असं की सावलीलाही सावली हवीशी वाटावी.

मुलांनो, तिथी नीट लक्षात ठेवा. जंगल कुठलं ते मात्र विचारू नका. सगळी जंगलं सारखीच. एक राजा असतो, त्याच्याभोवती मान हलवणारे असतात आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडतं.

या जंगलात एकच डोह होता. डोहाच्या अलीकडे आपलं जंगल, पलीकडे दुसरं. दोघं एकदम प्यायला आले की मारामारी व्हायची. म्हणून वाडवडिलांनी एक रीत घालून दिली होती. बारा वर्षांनी एकदा, वैशाखातल्या अमावास्येला, दोन जंगलांत फुटबॉलचा सामना. जो जिंकेल त्याने पुढची बारा वर्षं सकाळी आधी पाणी प्यायचं. जो हरेल त्याने मागून. म्हणजे खुरांनी ढवळलेलं, गढूळ.

वाडवडिलांना फुटबॉल कसा ठाऊक, हे कोण बोललं? मध्ये बोलायचं नाही.

मागच्या सामन्यात आपलं जंगल हरलं होतं. एका गोलाने. बारा वर्षं सगळ्यांनी गढूळ पाणी प्यायलं. त्या सामन्यात गोलात उभा होता खवलोजी. या वेळीही तोच उभा राहणार होता.

खवलोजी म्हणजे खवल्या मांजर. नावात मांजर असलं तरी मांजराशी आपलं काही नातं नाही, हे तो प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगे. अंगभर चिलखतासारखे खवले. तोंडात एक दात नाही, पण जीभ हातभर. शाळेची पायरी तो चढला नव्हता आणि न चढल्याचा त्याला अभिमान होता. त्याचा बाप, थोरला खवलोजी, याच गोलात उभा राहून म्हातारा झाला होता. बापाच्या हातून कधी चेंडू सुटला नाही, असं सांगत. सांगणारे बापाचे मित्रच होते.

रोज संध्याकाळी खवलोजी वडाखाली पोरांना गोळा करी आणि चार शब्द सांगे. थोडं बोले, पण रोज तेच बोले.

"भीती कशाशी खातात, आम्हाला ठाऊक नाही."

"गोलात उभं राहायचं. बस्स."

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

पोरं मान हलवत आणि संधी मिळताच पळत. म्हातारे असेच असतात. ही गोष्ट सांगणारा त्यांतलाच आहे, म्हणून त्याला ठाऊक.

पण मुलांनो, एक गोष्ट पोरांना ठाऊक नव्हती. राजाला ठाऊक नव्हती. खवलोजीच्या बायकोलासुद्धा ठाऊक नव्हती. ती दोघांनाच ठाऊक होती. एक खवलोजी आणि दुसरा साळबा.

साळबा म्हणजे साळिंदर. मागच्या सामन्यात तो खवलोजीच्या पुढ्यात उभा राहून येणाऱ्याला अडवायचं काम करत होता. सामना संपत आला होता. कोणाचाच गोल झालेला नव्हता. तेवढ्यात पलीकडचा सुळेराव चेंडू घेऊन निघाला. सुळेराव म्हणजे रानडुक्कर. अंगाने दांडगा, तोंडाने त्याहून दांडगा. तो निघाला आणि मैदानभर धुरळा झाला.

खवलोजीने त्याचे सुळे पाहिले. पुढचं त्याने काही केलं नाही, ते झालं. डोकं पोटात गेलं, शेपूट वरून आली आणि खवलोजीचं मुटकुळं झालं. खवल्या मांजर भ्यालं की असंच होतं. गोलाकडे जरा उतार होता. मुटकुळं घरंगळत निघालं आणि गोलाचे खांब असलेल्या दोन पळसांच्या मधून थेट गोलात गेलं. चेंडू अजून सुळेरावाच्या पायातच होता.

रेफरी होतं घुबड. घुबडाला दिवसा दिसत नाही. म्हणूनच त्याला नेमलं होतं. ज्याला काही दिसतच नाही तो पक्षपात कसा करील, असं दोन्ही राजांचं म्हणणं होतं. घुबडाला धुरळ्यात काहीतरी वाटोळं गोलात गेल्यासारखं वाटलं. त्याने शिट्टी फुंकली. सुळेराव रानडुक्कर असला तरी खुळा नव्हता. त्याने चेंडू हळूच गोलात सारला आणि नाचायला लागला.

धुरळा बसला. वाघमहाराज गरजले, "हे मुटकुळं कशाने झालं?"

पहिल्या रांगेत थोरला खवलोजी बसला होता. डोळ्यांनी त्याला दिसत नसे, पण कान तिखट होते. खवलोजी मुटकुळ्याच्या आत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. तोंड मात्र उघडत नव्हतं.

तेव्हा साळबा पुढे झाला.

"महाराज, माझी चूक. डुक्कर बघून मी भ्यालो. काटे उभे राहिले आणि मी उलटा पळालो. माझे काटे याला टोचले. म्हणून याचं मुटकुळं झालं."

सगळ्यांना पटलं. साळिंदर भ्यालं की काटे उभारतं आणि पाठ पुढे करून उलटं पळतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. साळबाला संघातून काढलं. पाण्याच्या रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभं राहायची शिक्षा झाली. हरलेल्यांमध्येही शेवटचा. म्हणजे त्याच्या वाट्याला पाणी कमी आणि चिखल जास्त.

थोरला खवलोजी त्याच पावसाळ्यात गेला. जाताना म्हणाला, "माझा पोरगा उभा राहिला असता. काटा टोचला म्हणून." खवलोजीने मान हलवली.

उद्या सगळं खरं सांगून टाकू, असं त्याने ठरवलं होतं. त्या उद्याला बारा वर्षं झाली.

दोघं कधी वाटेत भेटत. खवलोजी खाली बघे.

"काय साळबा?"

"काय खवलोजी?"

एवढंच. साळबाने एकदा तरी टोमणा मारला असता, तर खवलोजीला बरं वाटलं असतं. दोन शिव्या घातल्या असत्या, तर आणखी बरं. पण तो काहीच बोलत नसे. न मागणाऱ्याचं देणं फार जड असतं, मुलांनो.

तर वैशाख वद्य चतुर्थीला दरबार भरला. महाराज नुकतेच मेहुण्याच्या जंगलातून परतले होते आणि तिथून एक नवीन गोष्ट शिकून आले होते.

"सामना पायांनी जिंकत नाहीत," महाराज म्हणाले. "मनाने जिंकतात. मनाची तयारी पाहिजे."

सगळ्यांनी मान हलवली. जिराफ आपल्याकडे नसतो, नाहीतर त्याने सगळ्यांत जास्त हलवली असती.

मनाच्या तयारीसाठी गुरू नेमला गेला. त्याचं नाव बकानंद. हा डोहाच्या काठी एका पायावर उभा राहणारा बगळा. डोळे मिटलेले, मान वाकलेली. त्याची शांती पाहून मासे जवळ येत. जवळ आलेले परत जाताना कोणी पाहिले नव्हते. रोज पाच मासे दक्षिणा ठरली आणि सामना अकरा दिवसांवर होता.

बकानंद पहिल्याच दिवशी खवलोजीसमोर एका पायावर उभा राहिला.

"खवलोजीराव, श्वास घ्या."

"घेतोच आहे. नाहीतर तुमच्यासमोर बसलो असतो का?"

"तसा नाही. जाणीवपूर्वक घ्या. मोठा घ्या. पोटापर्यंत."

खवलोजीने मोठा श्वास घेतला. समोर वाळवीचं वारूळ होतं. नाकात वाळवी गेली. तो सात वेळा शिंकला. बकानंद म्हणाला, "छान. मनातला मळ बाहेर पडतोय."

दुसऱ्या दिवशी बकानंद म्हणाला, "डोळे मिटा. सुळेराव चेंडू घेऊन येतो आहे, असं बघा."

"डोळे मिटून कसं बघू?"

"मनाच्या डोळ्यांनी."

खवलोजीने डोळे मिटले. सुळेराव आला. खवलोजीची शेपूट आपोआप वर यायला लागली. त्याने घाईने डोळे उघडले.

"काय दिसलं?"

"काही नाही. झोप लागली."

तिसऱ्या दिवशी मंत्र मिळाला. "मी पर्वत आहे." सकाळी शंभर वेळा, संध्याकाळी शंभर वेळा. शंभरपर्यंत मोजता येतं की नाही, हे बकानंदाने विचारलं नाही. खवलोजीनेही सांगितलं नाही. दमेपर्यंत म्हणायचं, असं त्याने मनाशी ठरवलं.

घरात तेच सुरू झालं. मी पर्वत आहे. मी पर्वत आहे. बायकोने दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो पर्वत, मुंग्या निवून चालल्यात. जेवायला चला."

"तुला यातलं कळत नाही."

"पर्वताला भूक लागते, एवढं कळतं."

खवलोजीचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तो तसं चारचौघांत बोलूनही दाखवी. पण मुलांनो, लपून लपून तो मंत्र म्हणायचा. जेवताना मनात, झोपताना मनात. ताठ म्हातारे असंच करतात. वैद्याला शिव्या द्यायच्या आणि पुडी मात्र उशीखाली ठेवायची.

शिकवणी सगळ्यांसाठीच होती. साळबाच्या जागी आता ससा खेळत होता. बकानंद त्याला म्हणाला, "सामन्यात सगळ्यांत वाईट काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. एकदा पाहिलं की भय संपतं."

सशाने डोळे मिटले आणि पाहिलं. मग तो उठला आणि धावत सुटला. तो अजून परतलेला नाही.

दहाव्या दिवशी बकानंदाने शेवटचा उपाय सांगितला. "खवलोजीराव, मनातली सगळ्यांत खोल भीती पळसाच्या पानावर लिहा. ते पान डोहात सोडा. पान गेलं की भीती गेली."

"लिहून आणतो," खवलोजी म्हणाला. आणि तो सरळ साळबाच्या बिळाकडे निघाला. दुसरीकडे जायची सोयच नव्हती. जंगलात लिहिता येणारा साळबा एकटाच. पेन विकत घ्यायला नको, पाठीवरून उपसायचं. सगळ्या जंगलाचे अर्ज तोच लिही.

साळबा करवंदांचा रस काढत बसला होता. त्याची शाई तीच.

"काय खवलोजी?"

"काय साळबा? एक पान लिहून हवं होतं."

साळबाने पाठीवरचा काटा उपसला. रसात बुडवला. पान मांडीवर घेतलं. "सांग."

"बगळ्याचं खूळ आहे. मनात जी भीती असेल ती लिहायची म्हणे."

"मग सांग ना."

सुतारपक्षी लांब कुठेतरी टकटक करत होता. काट्याच्या टोकावर करवंदाचा थेंब जमला आणि पानावर पडला. साळबा वाट बघत होता. त्याने घाई केली नाही. बारा वर्षं केली नव्हती, आता कशाला करील?

इथे बोलायचं होतं. पान होतं, शाई होती, ऐकणारा होता. तिसरं कोणी नव्हतं.

"लिही," खवलोजी म्हणाला. "काही नाही."

"काही नाही असं लिहू, की काहीच लिहू नको?"

"काही नाही, असं लिही."

साळबाने लिहून दिलं. खवलोजीने पान हातात घेऊन लांब धरलं, जवळ धरलं.

"अक्षर छान आहे तुझं."

"तुला वाचता येतं?"

"वळण कळतं ना."

"खवलोजी."

"काय?"

"पान उलटं धरलंयस."

खवलोजी फणकाऱ्याने निघाला. डोहावर येऊन त्याने पान पाण्यात सोडलं. पण डोहाचं पाणी वाहत नव्हतं. पान जरा फिरलं आणि परत त्याच्या पायाशी येऊन लागलं. त्याने लांब ढकललं. परत आलं. तिसऱ्यांदा ढकललं. तिसऱ्यांदाही आलं. तेवढ्यात मागून बकानंद आला. खवलोजीने पान पायाखाली चिखलात दाबलं.

"भीती गेली?"

"गेली."

"चेहऱ्यावरच दिसतंय," बकानंद म्हणाला.

अमावास्या उजाडली. दोन्ही जंगलं मैदानाभोवती जमली. सुगरणीने नवा चेंडू विणला होता, गवताचा, घट्ट, वर वेलीचे वेढे. घुबड रेफरी उन्हात डोळे मिचकावत बसलं होतं. पण आपल्या संघात एक जागा रिकामी होती. ससा आला नव्हता.

"गोलकीपरच्या पुढ्यात कोण उभं राहतंय?" महाराजांनी विचारलं.

सगळ्यांना एकदम आभाळात काहीतरी दिसलं. सगळे वर बघू लागले.

"साळबाला घ्या," खवलोजी म्हणाला.

आपण हे बोललो याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

"साळबाला?" महाराज म्हणाले. "मागच्या वेळी त्यानेच घात केला. तुला टोचलं त्याने."

खरं सांगायची ही दुसरी वेळ. खवलोजीने तोंड उघडलं.

"टोचलं तर मला टोचेल," तो म्हणाला. "तुम्हाला काय?"

निम्मं सोडाच, मुलांनो, त्याने चतकोरही खरं सांगितलं नाही. पण साळबाला रांगेच्या शेवटून बोलावून आणलं. बारा वर्षांत त्याने चेंडूला पाय लावला नव्हता. गुडघे करकरत होते. काटे पांढरे झाले होते.

"मला कशाला ओढलंस रे?" साळबा कुजबुजला.

"उभा राहा. बस्स."

"डुक्कर अंगावर आलं तर?"

"डुक्कर आहे ते. वाघ नाही."

"वाघ परवडला. तो आपला आहे."

शिट्टी झाली. सामना सुरू झाला.

काठावरून बकानंद ओरडत होता, "श्वास! श्वास! पर्वत! पर्वत!" खवलोजी इमानाने पर्वत झाला. एक चेंडू त्याच्या डाव्या हाताला आला. पर्वत हलत नाही, म्हणून तो हलला नाही. चेंडू पळसाच्या खोडाला लागून बाहेर गेला, म्हणून वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "काय शांत उभा आहे बघा," महाराज म्हणाले. दुसऱ्या वेळी खवलोजी बकानंदाला शिवी घालायला वळला आणि चेंडू नेमका त्याच्या पाठीवर आदळून परत गेला. त्याही वेळी टाळ्या पडल्या.

असा दिवस उतरणीला लागला. कोणाचाच गोल नव्हता. सामना संपायला थोडाच वेळ उरला होता.

आणि पलीकडून सुळेराव चेंडू घेऊन निघाला.

तोच धुरळा. तेच सुळे, आता जरा पिवळे. जमीन तशीच हादरत होती. सुळेराव ओरडत येत होता, "अरे मांजरा! हो ना मुटकुळं! वाट बघतोय!"

आपण मांजर नाही, हे सांगायला खवलोजीला वेळ नव्हता. त्याचा श्वास कुठे गेला कोण जाणे. मंत्र आठवेना. आपण कोणीतरी मोठे आहोत एवढं आठवत होतं, पण कोण ते आठवेना. पान तर चिखलातच होतं. अकरा दिवसांची तयारी सुळेरावाच्या तीन पावलांत उडून गेली. शेपूट वर यायला लागली. मान पोटाकडे वाकायला लागली.

तेव्हा त्याला समोर साळबाची पाठ दिसली. म्हातारी पाठ. पांढरे काटे. मधली एक जागा मोकळी. काल पानासाठी उपसलेल्या काट्याची.

आणि त्याच्या मनात आलं, आता माझं मुटकुळं झालं तर हा पुन्हा पुढे होईल. पुन्हा म्हणेल, महाराज, माझी चूक. मेला तरी तेच म्हणेल.

खवलोजीने मान वर केली. शेपूट खाली आपटली. मागच्या दोन पायांवर तो उभा राहिला, हात पसरले आणि सुळेरावाच्या डोळ्यांत पाहिलं. भीती होती, सगळीच्या सगळी होती. पण तो उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा उभा होता. थोरल्या खवलोजीने बघावं असा उभा होता.

सुळेरावाने लाथ मारली.

आणि साळबा भ्याला. काटे ताठ उभे राहिले. साळिंदर भ्यालं की काय करतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तो पाठ पुढे करून उलटा सुटला, खवलोजीच्या दिशेने, गोलाच्या दिशेने. चेंडू त्याच्या डोक्यावरून आला आणि पाठीवरच्या काट्यांत रुतून बसला. खर्रर्र आवाज करत काटे खवलोजीच्या पोटावरून घासत गेले. खवलोजी जागचा हलला नाही. साळबा चेंडू पाठीवर घेऊन त्याच्या बगलेखालून गेला आणि दोन पळसांच्या मधे, थेट गोलात जाऊन बसला.

शिट्टी झाली. पलीकडचं जंगल नाचायला लागलं.

धुरळा एवढा होता की कोणाला कोणी दिसत नव्हतं. खवलोजीला मात्र मागे वळून दिसलं. गोलात साळबा बसला होता. पाठीवर चेंडू, जसा देवळावर कळस. बारा वर्षांपूर्वी तो जे खोटं बोलला होता, ते आज खरं झालं होतं.

धुरळा बसू लागला होता. जरा वेळ थांबलं असतं, तर सगळ्या जंगलाने पाहिलं असतं की खवलोजी उभा आहे. पोरांनी पाहिलं असतं. बायकोने पाहिलं असतं. सुळेरावाने तोंडाने कबूल केलं असतं. आता त्याला काही बोलावं लागणार नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. बस्स.

खवलोजीने एक मोठा श्वास घेतला, पोटापर्यंत. मग डोकं पोटात घातलं, शेपूट वरून ओढून घेतली आणि घरंगळत साळबाच्या पायाशी जाऊन थांबला. भ्याल्याशिवाय मुटकुळं करणं सोपं नाही, मुलांनो. त्याला ते नीट जमलंही नाही. एक कान बाहेर राहिला होता.

धुरळा बसला. महाराज गरजले, "हे कोणामुळे झालं?"

"माझ्यामुळे," मुटकुळ्यातून आवाज आला. "डुक्कर बघून मी भ्यालो. मुटकुळं झालं. घरंगळत याच्या पायात आलो, म्हणून हा मागे पडला."

सगळ्यांना पटलं. खवल्या मांजर भ्यालं की काय करतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"महाराज," साळबा म्हणाला, "हा तर उभा..."

"तुला कोणी विचारलं?" खवलोजी आतूनच ओरडला. "गप्प बस. चेंडू काढा कोणीतरी त्याच्या पाठीवरचा."

पोरांना हसू आवरेना. एक माकडाचं पोर ओरडलं, "आजोबा, भीती कशाशी खातात?" दुसरं म्हणालं, "गोलात घरंगळायचं. बस्स!" खवलोजीने ऐकून घेतलं. शब्द त्याचेच होते. थोडे इकडचे तिकडे झाले होते, एवढंच.

महाराज बकानंदाकडे वळले. बकानंदाने दुसरा पाय खाली टेकला, तो फार क्वचित टेकत असे.

"महाराज, तयारी उत्तम होती. मन जुनं निघालं. पुढच्या सामन्यासाठी आजपासूनच सुरुवात केली पाहिजे."

"खरं आहे," महाराज म्हणाले. "अकरा दिवस कमी पडले. बारा वर्षं तयारी करू."

दक्षिणा पाचाची दहा मासे झाली. सगळ्यांनी मान हलवली. डोहातल्या माशांना कोणी विचारलं नाही.

साळबाला रांगेत त्याची जुनी जागा परत मिळाली, हरणांच्या मागे, भेकरांच्या पुढे. शेवटी उभं राहायची शिक्षा खवलोजीकडे आली. त्याला गोलातूनही काढलं.

बायको त्याला न्यायला आली. त्याच्या खवल्यांतली धूळ तिने झटकली. खवले नसलेलं मऊ पोट ती जरा वेळ बघत राहिली. त्याच्यावर काट्यांचे ओरखडे होते, आडवे, लांब. मुटकुळ्यात पोट आत असतं, मुलांनो. तिथे ओरखडे उठत नाहीत.

"अहो पर्वत," ती म्हणाली, "चला घरी."

दुसऱ्या दिवशी पलीकडचं जंगल पाणी पिऊन गेलं. मग आपलं जंगल पिऊन गेलं. सगळ्यांच्या मागून, दिवस कलल्यावर, खवलोजी डोहाकडे निघाला. वाटेत साळबा परत येताना भेटला. त्याची मिशी ओली होती.

खवलोजीने खाली बघितलं नाही.

"काय साळबा?"

"काय खवलोजी?"

साळबा आपल्या वाटेने गेला. खवलोजी डोहावर आला, चिखल बाजूला सारला आणि पाणी प्याला.

तात्पर्य : मनाची तयारी करून शूर होण्याच्या भानगडीत पडू नये. घाबरलेल्याची चूक दुसरा कोणीतरी पोटात घालतो. न घाबरलेल्याला दुसऱ्याची घालावी लागते.